कागदी कप

बाबांची रिटायरमेंट जवळ आली तसं आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर एक दिवस सोडावं लागणार, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ती गोष्ट दारात येऊन उभी राहणं वेगळं. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागे आईने लावलेला कढीपत्ता. निवृत्तीनंतर सरकार थोडे महिने राहू देतं, मग किल्ली परत मागतं.

बाबांच्या मनात नागपूर होतं. आईच्या मनात नागपूर अजिबात नव्हतं. तिच्या छातीत दुखून ती नुकतीच हॉस्पिटलात राहून आली होती. तिचे डॉक्टर दिल्लीत, तिची मुलगी दिल्लीत. "तिथे मला रात्री काही झालं तर कुणाला उठवू? तुमच्या वहिनींना?" ती विचारायची, आणि बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. मला गुडगावच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. तेव्हा ठरलं ते असं, की गुडगावात भाड्याने घर मिळालं तर तिघं एकत्र राहू. नाही मिळालं तर ती दोघं नागपूरला आणि मी कुठल्यातरी पीजीत. आईला हा दुसरा पर्याय मरणासारखा वाटत होता. मलाही वाटत होता, पण मी वैतागून दाखवायची. वैतागणं मला लवकर जमतं.

घरं तर त्या काळात गुडगावात रोज उगवत होती. कालपर्यंत मोहरीचं शेत, आज क्रेन, आणि पुढच्या सणाला वर पडदे लटकलेले. मेट्रो अजून यायची होती. धौला कुआंवरून बस पकडायची आणि धुळीने माखून उतरायचं. आम्ही सुट्टीच्या दिवशी घरं बघत फिरायचो. मालक हसतमुखाने खोल्या दाखवायचे, नळ सोडून पाणी दाखवायचे, आणि मग जिना उतरता उतरता विचारायचे, "वैसे आप लोग होते कौन हो?" बाबा सरळ सांगायचे, "बुद्धिस्ट." त्या एका शब्दाचा अर्थ दिल्लीत सगळ्यांना कळतो. लगेच मालकाला आठवायचं की घर भाच्याला द्यायचं कबूल केलंय. गुडगावात त्या उन्हाळ्यात इतके भाचे घर शोधत होते की आमच्यासारख्यांना जागा कुठून उरणार!

मग प्रॉपर्टी डीलरचा फोन आला. चौथा मजला, लिफ्ट, समोर पार्क, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. मालक पैशांसाठी हपापलेला नाही, फक्त "फॅमिली देख के देता है." आणि भेटायचं घरी नाही, नव्या मॉलखालच्या कॉफी शॉपमध्ये. फोन ठेवता ठेवता डीलर म्हणाला, "सर को बोलना थोड़ा कम बोलें." म्हणजे आमची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती.

आईने त्याच संध्याकाळी आघाडी सांभाळली. बोलणार ती, इंग्रजी लागलं तर मी, आणि बाबा गप्प.

"मग मला नेता कशाला?" बाबा म्हणाले.

"तुमचा कोट दाखवायला."

"खोटं बोलणार नाही मी."

"तुम्हाला कोण सांगतंय बोलायला? मी महाराष्ट्रीयन म्हणेन. आहोत की नाही महाराष्ट्रीयन? बस. बाकी घरात गेल्यावर बघू."

घरात गेल्यावर म्हणजे फोटो लावायचे तेव्हा. आमच्या बैठकीत दोन फोटो होते, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला, जाड चष्म्याचा. आईने ठरवलं होतं की ते आतल्या खोलीत लावायचे. बाबा यावर काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले की मला भीती वाटायची, कारण चिडले की ते बोलतात.

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडली होती. बसमधून उतरलो तेव्हा पश्चिमेकडचं आकाश पिवळट झालं होतं. अशा दिवसांत दिल्लीत आँधी येते हे सगळ्यांना ठाऊक असतं; फक्त कधी, ते ठाऊक नसतं. रस्त्यापलीकडच्या बांधकामावरचे मजूर बांबूच्या परांचीवरून भराभर खाली उतरत होते. बाबांनी कोट, टाय, पॉलिश केलेले बूट असा सगळा जामानिमा केला होता. आईच्या पिशवीत नागपूरहून मागवलेल्या संत्रा बर्फीचा डबा होता. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. मग ते कुणाकडे म्हणजे कॉफी शॉप का असेना.

दारातल्या गार्डने आमच्या पुढच्या जोडप्याला सलाम ठोकला आणि दार उघडून धरलं. आम्ही आलो तेव्हा दार बंद झालं होतं.

"किससे मिलना है?"

"कॉफी प्यायची आहे," मी मराठीतच म्हणाले. रागावले की मला हिंदी सुचत नाही. मग भानावर येऊन हिंदीत सांगितलं. त्याने आईची पिशवी उघडायला लावली, डब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. आईने हात जोडून सांगितलं की ही भेट आहे, इथे खायची नाही. तो बाजूला झाला. आईने हात जोडले याचा मला आजही राग येतो.

आत इतकं थंड होतं की आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. खिडकीजवळचं एक टेबल रिकामं दिसलं म्हणून आम्ही बसलो. लगेच एक वेटर आला. काळा एप्रन, गळ्यात पट्टा. "ये रिज़र्व है," म्हणत त्याने आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, हात धुवायच्या बेसिनला लागून. आम्ही उठलो, गेलो. थोड्या वेळाने त्या रिझर्व्ह टेबलावर डोक्यावर गॉगल चढवलेल्या दोन मुली येऊन बसल्या आणि त्यांच्यापुढे त्याच वेटरने कमरेत वाकून मेनू धरला. आमच्याकडे कुणी येईना. मी हात केला. "ऑर्डर काउंटर पे," तो लांबूनच म्हणाला. पाणी मागितलं तर बाटली विकत घ्यावी लागेल म्हणाला; बाजूच्या टेबलावर काचेच्या जगमध्ये लिंबाच्या चकत्या तरंगत होत्या. काय म्हणावं याला? एकेक गोष्ट सुटी घेतली तर भांडण करण्याइतकी मोठी नव्हती. त्यांची ती खुबीच असते.

मी काउंटरवरून तीन कॉफी आणल्या. तिन्ही कागदी कपांत. आजूबाजूला सगळ्यांच्या पुढे पांढरे जाड कप, बशीसकट. मी परत गेले.

"हम यहीं बैठे हैं. बाहर नहीं ले जा रहे."

"कप खत्म हैं, मैडम."

काउंटरवरच्या मुलाच्या मागे मशीनवर कपांची रांगच्या रांग पालथी घातलेली होती. मी तिकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "यस सर?"

मी टेबलाशी आले तेव्हा माझे कान तापले होते. मॅनेजरला बोलावते, तक्रार करते, असं काहीबाही मी बोलत होते. बाबांनी कप उचलून डोळ्यांसमोर धरला होता. तो कप ते फारच लक्ष देऊन बघत होते.

"राहू दे बेटा," ते म्हणाले. "कॉफी तीच असते."

त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं होतं. ऑफिसात कुणी फाइल अडवली तर सेक्रेटरीच्या दारात जाऊन उभे राहणारे माझे बाबा, असं "राहू दे" म्हणणारे नव्हते. आईलाही ते जाणवलं असावं, कारण तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेरचा उजेड आता मातकट झाला होता.

मालक आला ते गार्डने दोन्ही दारं उघडली म्हणूनच कळलं. उंच, वयस्कर, पांढरा कुर्ता, पायात मोजडी. मॅनेजर आतून धावत आला. मागाहून समजलं की मॉल ज्या जमिनीवर उभा होता ती एके काळी त्याचीच शेती, आणि कॉफी शॉपची जागाही त्याच्याच नावावर. मॅनेजर त्याला खिडकीकडे नेत होता, पण तो आम्हाला बघून म्हणाला, "ना ना, यहीं ठीक सै." न मागता त्याच्यापुढे पांढरा कप आला, बशी आली, बशीत बिस्कीट आलं. टेबलावर एक चिनी मातीचा कप आणि तीन कागदी. ते त्याच्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या आलं.

माणूस वाईट नव्हता हो. तेच तर अवघड जातं सांगायला. त्याने आईला "बहन जी" म्हटलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली, लिफ्टला जनरेटर आहे, काळजी करू नका, म्हणाला. मग विचारलं, "मराठे हो?"

"हाँ जी, महाराष्ट्रियन," आई म्हणाली.

"फेर तो अपणे ही हुए. पानीपत में थारे बड़े आए थे." आणि तो खदखदून हसला. आईही हसली. मीही हसले. घरात मांस-मच्छी नको एवढीच त्याची अट होती, आणि आईने अशी मान हलवली जणू दर रविवारी आमच्या क्वार्टरातून मटणाचा वास शेजारचे लोकच सोडत होते. मला एकदम हलकं वाटायला लागलं. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी दिसायला लागली, तिथे आईची खुर्ची. आईने डबा उघडून पुढे केला. "हमारे नागपुर की है." त्याने बर्फीचा एक तुकडा उचलला, वास घेतला आणि कौतुकाने म्हणाला, "अच्छा! संतरे की?"

तेवढ्यात बाबा उठले.

त्यांची कॉफी संपली होती. रिकामा कप घेऊन ते दोन पावलांवरच्या बेसिनशी गेले. मला वाटलं हात धुतायत. त्यांनी नळ सोडला, कप पाण्याखाली धरला, आत दोन बोटं घालून गोल फिरवून विसळला. पाणी ओतलं. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. मग कप झटकला आणि बेसिनशेजारच्या दगडी कठड्यावर, अगदी कडेला, भिंतीला लावून पालथा घातला. कागदी कप. जो कुणीही चुरगळून टोपलीत टाकतो तो. आणि मग येऊन खुर्चीवर बसले, टाय सारखा केला.

आमच्या आत्याने मला एकदा सांगितलं होतं, बाबा घरी नसताना. त्यांच्या गावच्या एसटी स्टँडवर चहाचं हॉटेल होतं. आपल्या लोकांचे कप आत नसायचे. बाहेरच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात कान तुटलेले दोन-तीन कप. आपला आपण घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपला आपण धुवायचा आणि पालथा घालून ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की धुतलाय. बाबा शाळेत जाताना आजोबांबरोबर तिथे थांबायचे. बाबांनी स्वतः हे मला कधीही सांगितलं नाही. आमच्या घरात त्यांनी कधी कप विसळलेला मी पाहिला नव्हता. त्यावरून आईची आणि त्यांची भांडणं व्हायची.

मी मालकाकडे पाहिलं. तो कठड्यावरच्या कपाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस नव्हती. ओळख होती. गावातला जुना माणूस दिसावा तसं तो त्या कपाकडे बघत होता. गॉगलवाल्या मुलींना, मॅनेजरला, त्या उद्धट वेटरला, कुणालाही त्या पालथ्या कपातून काही कळलं नसतं. आख्ख्या मॉलमध्ये ते वाचू शकणारा एकच माणूस होता आणि तो आमच्या टेबलावर बसला होता.

"म्हारे गाम में भी थे जी," तो हळू आवाजात म्हणाला. "बाहर आले में धरे रहते." आला म्हणजे कोनाडा.

आईचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. बाबांनी आधी मालकाकडे पाहिलं, मग तो बघत होता तिकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हात ओले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसायला लागले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मालकाच्या बोटांत बर्फीचा तुकडा अजून तसाच होता. तो त्याने परत डब्यात ठेवला. हळूच, व्यवस्थित, बाकीच्या तुकड्यांना लागणार नाही असा. मग पेपर नॅपकिनने बोटं पुसली.

"शुगर है मन्नै," तो म्हणाला.

काचेवर वाळूचे कण तडतडायला लागले होते. तो पुढे सरकला आणि आवाजात होती नव्हती ती सगळी माया आणून म्हणाला, "देखो बहन जी, फ्लैट का तो घर में पूछणा पड़ेगा. पर थम चिंता ना करो. गाम के पीछे की तरफ मेरे दो कमरे और हैं. थारे लिए वही ठीक रहेंगे. उधर अपने लोग मिल जाएँगे."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे शिव्या होत्या, इंग्रजी होतं, कायदा होता, आणि त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. मी, जी गार्डशी भांडले, कपावरून भांडले, ती खुर्चीला चिकटून बसले. बोलली ती आई. घर तिला हवं होतं. खोटं तिने रचलं होतं. डॉक्टर, लिफ्ट, बाल्कनी, सगळं तिचं होतं. तिने झाकण दाबून लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत, पण अगदी स्वच्छ म्हणाली, "हमारे लोग ये दो बैठे हैं, भाईसाब. और लोग हमको नहीं होना."

मालक उठला. वाईट वाटल्यासारखं हात जोडून, मोजडी ओढत निघून गेला. त्याच्या पाठोपाठ वेटर लगबगीने आला, पांढरा कप उचलला, टेबलाची त्याच्या पुढची बाजू पुसली. आमच्या बाजूला फडकं फिरवलं नाही. कठड्यावरचा कप त्याने दोन बोटांनी उचलून टोपलीत टाकला.

बाहेर पडलो तेव्हा आँधी अंगावर आली होती. समोरचे टॉवर दिसत नव्हते, नुसता मातीचा घोंगावता पडदा. आईने बाबांच्या कोटाची बाही धरली होती, मी आईचा पदर. बसस्टॉपवर पोचेपर्यंत बाबांचे पॉलिश केलेले बूट पांढरे झाले. बस मिळाली, रिकामीच होती. आई आणि बाबा एका सीटवर बसले, मी मागे. खिडक्या बंद असूनही दातांखाली वाळू लागत होती. आता घर संपलं, हे मला कळत होतं. नागपूरच. आईला तिथे रात्री काही झालं तर मी पोचेपर्यंत काय होईल, हाच विचार मी धौला कुआंपर्यंत करत होते. दिवाळीनंतर ती दोघं नागपूरला गेलीही. पण त्या बसमध्ये आईच्या मनात तो विचार नव्हता. ती सारखी बाबांकडे बघत होती.

मग त्यांनी खूप खालच्या आवाजात विचारलं, "तो कप मी धुतला का गं?"

मला वाटलं ते चिडून विचारतायत. मी पुढे वाकून पाहिलं. ते खरंच विचारत होते. त्यांना आठवत नव्हतं.

"नाही हो," आई म्हणाली. एका क्षणाचाही वेळ न लावता म्हणाली. "हात धुवायला गेला होतात तुम्ही. बर्फीने चिकट झाले होते ना."

बाबांनी बर्फी खाल्लीच नव्हती. त्यांनी मान हलवली. गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे ते बघत राहिले, आणि आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा आईकडे वळून म्हणाले, "मग पालथा कुणी घातला?"

आईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. कंडक्टर स्टॉपचं नाव ओरडत होता, तरी आम्ही तिघंही उठलो नाही.